एकरी उताऱ्याचा माग : उपग्रह, दोरी आणि तराजू

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. गाव बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या वाटेवर. घरची साडेतीन एकर जमीन, त्यातली दोन एकर भाताची. नोकरी सांभाळून भूमाहितीशास्त्राची दोन वर्षांची पदविका करायची ठरवली तेव्हा वाटलं होतं, शेवटचा प्रकल्प म्हणजे दोन-चार नकाशे काढून बांधणी करून द्यायचे. विषय निवडला 'उपग्रह व नकाशा माहितीच्या आधारे भाताच्या उत्पादकतेचा पूर्वअंदाज'. जानेवारी २०२३ मध्ये तो मंजूर झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये तोंडी परीक्षा संपली. मधल्या सव्वादोन वर्षांत काय काय झालं ते लिहून ठेवते. आमच्या भागात हे काम करू पाहणारा कुणी असेल तर त्याच्या निदान तीन-चार चकरा वाचतील.

सुरुवातीला अवजारांची ओळख. उपग्रहाची चित्रं इंटरनेटवरच तपासता येणारं गुगल अर्थ इंजिन अभ्यासासाठी फुकट मिळतं, नकाशे काढायचं क्यूजीआयएस सगळ्यांनाच फुकट आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरवर एक रुपयाही गेला नाही. गेला तो वेळ. रात्री जेवणं उरकल्यावर दहा ते बारा असं तीन महिने अर्थ इंजिनच्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेशी झगडत होते. मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली ती मात्र लगेच डोक्यात बसली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल एक गुंठा! त्या दिवसापासून मी सगळं गुंठ्यांत मोजू लागले. लँडसॅटचा पिक्सेल नऊ गुंठ्यांचा. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस या जुन्या उपकरणाची माहिती २००० पासूनची मिळते खरी, पण त्याचा २५० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे पंधरा एकर. आमच्या शिवारात पंधरा एकरात भात, ऊस, सोयाबीन, रताळी आणि दोन भावांचं भांडण एवढं सगळं मावतं.

पिकाची तब्येत बघायची ती एनडीव्हीआय या निर्देशांकावरून. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, की आकडा तयार. पीक जितकं दाट तितका तो एकाकडे सरकतो. अडचण अशी की भात चांगलं दाटलं की आकडा ०.८ च्या आसपास जाऊन थबकतो आणि चांगलं पीक व फार चांगलं पीक यांतला फरक कळेनासा होतो. त्यासाठी लाल आणि अवरक्ताच्या मधला 'रेड एज' पट्टा वापरतात, पण सेंटिनेल-२ मध्ये तो २० मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठ्यांना एक आकडा. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात बांधाचे मिश्र पिक्सेल सोडले तर हातात काय राहतं ते तुम्हीच मोजा.

एक खड्डा इथेच दाखवून ठेवते, कारण मी त्यात पुरते दोन आठवडे होते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि पिक्सेलच्या मूळ किमतीत १००० मिळवलेले येऊ लागले. जुनी आणि नवी चित्रं तशीच एकत्र केलीत तर २०२२ नंतर सगळ्या शिवारावर रोग पडलाय असं दिसतं. अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच आहे, तोच घ्या. मी आधी रोगाचं कारण शोधत बसले होते.

मार्चपासून आकडे गोळा करायला निघाले. अंदाज बांधायचा तर मागचे उतारे हवेत. आमच्याकडे 'उतारा' म्हटलं की पहिल्यांदा आरटीसी आठवते, जमिनीचा कागद. मला हवा होता तो दुसरा, एकरी उतारा. एका सरकारी कार्यालयात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा संगणक बंद, तिसऱ्यांदा 'लेखी द्या'. लेखी दिलं, त्याची पोच मिळाली नाही. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला. कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. माझा पहिला अर्ज दोन पानी आणि चार विषयांचा होता, तो परत आला. मग चार वेगळे अर्ज केले, प्रत्येकाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली. माझं कन्नड बोलण्यापुरतं ठीक, कागदावर लंगडं. शाळेतल्या कन्नडच्या सहकारी टीचरनी मधल्या सुट्टीत मसुदा नीट करून दिला, त्याबद्दल त्यांना आमच्या घरची मसूर पोचली. उत्तर ३४ व्या दिवशी आलं. पानाला २ रुपयेप्रमाणे ९२ रुपये भरून ४६ पानं मिळाली, ती फक्त तालुकावार. ग्रामपंचायतवार आकडे मागितले होते, ते अपील केल्यावर ऑगस्टमध्ये आले, आणि तेही तीनच वर्षांचे.

ही पानं संगणकात भरताना सगळ्यांत जास्त डोकं खाल्लं ते नावांनी. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याआधीची कोष्टकं एका नावाची, नंतरची दुसऱ्या, आणि नकाशाच्या फाइलीत तिसरंच स्पेलिंग. येळ्ळूर तर चार प्रकारे लिहिलेलं सापडलं. संगणकाला हे एकच गाव आहे हे कोण सांगणार? मी शेवटी हाताने नावांची जुळणी यादी केली. त्याहून फसवी गोष्ट तालुक्यांची. चिक्कोडीचं पीकक्षेत्र अलीकडच्या वर्षांत धाडकन खाली आलेलं दिसलं. मी वहीत लिहिलंसुद्धा, 'दुष्काळ? ऊस वाढला?' खरं कारण म्हणजे निपाणी वेगळा तालुका झाला होता. तसंच अथणीतून कागवाड आणि गोकाकमधून मूडलगी. जुने आणि नवे आकडे एका रेषेत मांडायचे तर आधी फुटलेले तालुके पुन्हा जोडावे लागतात.

जून २०२३. पाऊस आलाच नाही. आमच्याकडे बरंचसं भात मे-जूनमध्ये धूळवाफेवर कुरीनं, म्हणजे पाभरीनं पेरतात, ते उगवून उन्हात करपायला लागलं. जुलैच्या उत्तरार्धात झोडपून पडला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा गायब. देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट तो. पुढे राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. सांगायला लाज वाटते, पण त्या ऑगस्टमध्ये मी खुश होते. आभाळ निरभ्र, दर पाच दिवसांनी उपग्रहाचं स्वच्छ चित्र. एका रात्री ताजं चित्र बघून मी म्हटलं, "काय सुंदर आलंय!" मागे आप्पा उभे होते. पडद्यावर आमचं शिवार पिवळं पडलेलं होतं. ते काही बोलले नाहीत, अंथरुणावर जाऊन पडले.

त्याच महिन्यात शेतांच्या हद्दी नोंदवायला बाहेर पडले. कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर उभं राहिल्या जागेचा सर्व्हे नंबर दिसतो, त्यावरून जागा पक्की करायची आणि फोनच्या जीपीएसने बांधावरून फेरी मारायची. उघड्या रानात तीन-पाच मीटरची चूक येते, झाडाखाली जास्त. पण खरी अडचण माणसांची निघाली. आमच्या भागात हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या भूसंपादनावरून शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत आहेत. अशा ठिकाणी फोन हातात धरून बांधावरून फिरणारी बाई दिसली की काय होणार?

"काय मोजूलैस गं? रोड येऊलाय काय हितनं?"

"नाही काका, भात बघायला आले. शाळेतली टीचर मी."

"भात बघायला फोन कशाला? डोळे हैत की."

दोघांनी सरळ हाकललं. मग मी पद्धत बदलली. आधी आप्पांना घेऊन घरी जायचं, चहा घ्यायचा, नकाशा कागदावर छापून त्यांचंच शेत त्यांना दाखवायचं आणि एक प्रत तिथेच ठेवून यायची. छपाईला पानाला दहा रुपये पडले, पण त्या कागदाने जेवढी दारं उघडली तेवढी माझ्या कॉलेजच्या शिफारसपत्रानेही उघडली नाहीत. नाव आणि सर्व्हे नंबर प्रकल्पात छापणार नाही हे लिहून दिलं. सप्टेंबरअखेर २२ शेतं झाली.

उतारा मात्र त्या वर्षी मी तोंडी विचारला, आणि तिथेच फसले. सुगी झाल्यावर घरोघरी जाऊन 'किती झालं?' विचारायचं, ते सांगतील तेवढी पोती लिहायची, पोत्याला ५० किलो धरायचे. डिसेंबरात सगळं संगणकात घातलं. बावीस शेतं, आणि माझ्याकडे चौदा प्रकारचे निर्देशांक: ऑगस्टचा, सप्टेंबरचा, कमाल, सरासरी, पाऊस, तापमान, काय म्हणाल ते. आर-स्क्वेअर, म्हणजे गणित आणि प्रत्यक्ष उतारे किती जुळतात त्याचं माप (१ म्हणजे तंतोतंत), ०.९१ आला. मी दादाला बोलावून दाखवला, वहिनीने शिरा केला.

सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "एक शेत बाजूला ठेवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज काढून बघितलात का? बावीसच्या बावीस वेळा?" नव्हतं बघितलं. बघितलं, तर ०.९१ चा ०.१८ झाला. बावीस शेतांना चौदा निर्देशांक म्हणजे प्रत्येकाच्या मापाचा सदरा शिवल्यासारखं. मापं घेतलेल्यांना तो नेमका बसणारच, बाहेरचा माणूस आला की बाही अपुरी. नवख्यांना एवढंच सांगेन, हा बाजूला ठेवायचा प्रयोग शिऱ्याच्या आधी करा.

चौदाचे तीन निर्देशांक केले तरी गाडी सुधारेना. जानेवारी २०२४ मध्ये एका घरी भाताची पोती अजून पडवीत होती. सहज म्हटलं, एक तोलू का? ५० धरलेलं पोतं ६३ किलोचं निघालं. शेजारच्या घरी ५४. तिसऱ्या घरी खताच्या रिकाम्या पिशव्या वापरलेल्या, त्या ४१. आणि 'एकर' म्हणून सांगितलेलं शेत नकाशावर मोजलं तर ३३ गुंठे, कारण बांध, विहीर आणि वाट सगळं त्या एकरात धरलेलं. अख्खा ऑगस्ट मी उपग्रहाच्या चित्रांत गुंतले होते आणि चूक बसली होती पडवीत, गोणपाटात शिवलेली. लटकता डिजिटल काटा ८५० रुपयांना घेतला आणि ज्यांची पोती शिल्लक होती ती सगळी तोलून काढली. बावीसपैकी सोळा शेतं वाचली, सहा सोडून दिली.

२०२४ च्या खरिपात ठरवलं की कापणी प्रयोग स्वतः करायचा. सरकारी पीकविम्यासाठी करतात तसाच: शेतात चिठ्ठी काढून एक कोपरा ठरवायचा, ५ मीटर बाय ५ मीटर दोरी लावायची, आतलं भात कापून, झोडून, पाखडून तोलायचं. पंतप्रधान पीकविमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गहू या पिकांसाठी उपग्रह-तंत्रज्ञानाच्या अंदाजाला निदान ३० टक्के वजन देण्याचं ठरलंय. त्यामुळे हा विषय आता माझ्या प्रकल्पापुरता राहिलेला नाही. आपल्या गावाची भरपाई अशाच आकड्यावर ठरू शकते, आणि बाकीचा आकडा या दोरीतूनच येतो.

पाऊस यंदा वेळेवर आला, भरपूर आला, आणि माझा उपग्रह आंधळा झाला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वापरता येतील अशी चित्रं मिळाली तीन. त्यातल्या एकात आमच्या अर्ध्या गावावर ढगाची सावली. चांगल्या वर्षी काही दिसत नाही आणि दिसतं त्या वर्षी पीक नाही, असं हे शास्त्र. ढगातून बघायचं तर रडार लागतं, सेंटिनेल-१. त्याचा जोडीदार उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला होता, त्यामुळे बारा दिवसांनी एकच फेरी. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

रडारवर भात ओळखायची सगळीकडे शिकवली जाणारी युक्ती अशी: रोप लागणीच्या वेळी खाचरात पाणी असतं, सपाट पाण्यावरून लहर पलीकडे निसटते, म्हणून परतीचा आकडा एकदम पडतो आणि पीक वाढेल तसा चढत जातो. हा खड्डा दिसला की भात. मी ही युक्ती आमच्या शिवाराला लावली तर निम्मं भात गायब! खानापूरकडची चिखलणी करून लावलेली शेतं बरोबर सापडली, आमची नाही. दोन दिवसांनी ट्यूब पेटली की आमच्याकडे कुरीनं कोरड्यात पेरतात, सुरुवातीला खाचरात पाणी नसतंच. पुस्तकातली पद्धत लावणीच्या भाताची होती. शेवटी मी उलटा रस्ता धरला. ऊस डिसेंबर-जानेवारीतही हिरवा राहतो, सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतं, भात नोव्हेंबरात कापलं की रान उघडं पडतं आणि मग वाटाणा-मसुरीची हिरवाई उगवते. मागच्या वर्षाच्या चित्रांवरून या क्रमाने भाताची रानं वेगळी काढली. तो नकाशा बरा जमला.

जुलैच्या शेवटी धुवाधार पाऊस झाला. बळ्ळारी नाला फुगला, दरवर्षीप्रमाणे काठची शेतं पाण्याखाली गेली. या वर्षी घेतलेल्या माझ्या ३४ शेतांपैकी पाच नाल्याकाठची. रडारच्या त्या फेरीत या पाचांचे आकडे इतके खाली गेले की बाकीच्या रांगेत शोभेनात. मी ते 'आउटलायर', म्हणजे रांगेबाहेरचे चुकीचे आकडे, म्हणून खोडून टाकले. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिते, कारण पुढे त्याची किंमत आहे. बाहेर रस्त्यावरून पाणी वाहत होतं, शाळेला सुट्टी होती, आणि मी घरात बसून पुराची नोंद चूक समजून पुसत होते.

अंदाज कधी द्यायचा, यावर सरांशी वाद झाला. मला ऑक्टोबरच्या मध्याचं चित्रही हवं होतं. ते म्हणाले, कापणीच्या तोंडावर सांगितलेला अंदाज कुणाच्या कामाचा? ३० सप्टेंबर ठरला. पद्धत अशी होती: मोडिस आणि माहिती अधिकारात मिळालेले तालुक्याचे जुने उतारे यांवरून यंदाची एकूण पातळी काढायची, आणि शेताशेतातला फरक रेड एज निर्देशांकावरून, मागच्या वर्षीच्या सोळा तोललेल्या शेतांच्या आधारे. पाऊस चर्प्स या संचातून घेतला, तो १९८१ पासूनचा मिळतो. ३० सप्टेंबरच्या रात्री ३४ शेतांचे ३४ आकडे लिहून सरांना ईमेल केले, म्हणजे नंतर मला हात लावता येऊ नये. त्याच आठवड्यात प्रत्येक शेतकऱ्यालाही विचारून ठेवलं होतं, 'किती निघेल?' या वेळी क्विंटलमध्ये.

मग ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. चिकात आलेलं, दाणा भरत असलेलं भात ठिकठिकाणी आडवं झालं. आमचंही.

नोव्हेंबरचे तीन आठवडे कापणी प्रयोगात गेले. शनिवारची अर्धी शाळा, रविवार आणि सगळी रजा त्यात संपली. दोन बायका मजुरीने घेतल्या होत्या, ताडपत्री, दोरी, खुंट्या, काटा आणि राईस मिलमधून उसनं आणलेलं ओलावा मोजायचं यंत्र, असा आमचा संसार. चिठ्ठीने कोपरा ठरवायचा म्हटलं की प्रत्येकाचं ठरलेलं: "हितं काप बाय, हितं झ्याक आलंय." आणि विम्याच्या आशेवर असलेला दुसरा: "तिकडं कशाला, ह्या कडंला काप, हितं सगळं पळंज हाय." दोघांनाही सांगायचं, चिठ्ठी निघेल तिथेच. एकाने चिठ्ठ्याच पुन्हा टाकायला लावल्या, मी टाकल्या नाहीत, त्याने आठवडाभर अबोला धरला.

हिशेब करणाऱ्यांसाठी: २५ चौरस मीटरचं वजन गुणिले १६२ केलं की एकरी किलो मिळतात. म्हणजे दोरी दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाली तरी ती चूकही १६२ पट होते. आणि ओलावा विसरू नका. एका शेतात १२ किलो निघाले, म्हणजे एकरी १९.४ क्विंटल वाटले. ओलावा २१ टक्के होता. १४ टक्क्यांवर आणलं तर ११ किलो, म्हणजे १७.८ क्विंटल. दीड क्विंटलहून जास्त नुसतं पाणी.

निकाल. ३४ शेतांचा खरा सरासरी उतारा एकरी १६.४ क्विंटल आला, माझा अंदाज होता १७.६. शेतवार बघितलं तर सरासरी २.६ क्विंटलची चूक. काही न करता तालुक्याची पाच वर्षांची सरासरी सगळ्यांना चिकटवली असती तर चूक ३.३ झाली असती. शेतकऱ्यांच्या डोळ्यांचा अंदाज २.९ ने चुकला. सव्वादोन वर्षांच्या खटाटोपाने मी बांधावरच्या माणसापेक्षा तीस किलोने पुढे होते! वर आणखी एक: कुठलं शेत सगळ्यांत चांगलं आणि कुठलं वाईट हा क्रम त्यांनी माझ्यापेक्षा बरोबर लावला होता, फक्त आकडा फुगवून किंवा दडवून सांगितला होता.

सगळ्यांत मोठी चूक नाल्याकाठच्या त्या पाच शेतांत. मी सांगितलं होतं सरासरी १७, निघाले साडेनऊ. झालं असं की पुरात पहिलं पीक कुजलं, ऑगस्टमध्ये मिळतील ती रोपं आणून पुन्हा लावली. सप्टेंबरअखेरीस बाकीचं भात निसवून फिकं पडायला लागलेलं असताना हे कोवळं पीक हिरवंगार होतं. माझ्या गणिताने त्या हिरवाईला शाबासकी दिली. आणि ज्या एका आकड्याने खरी गोष्ट सांगितली असती तो मीच जुलैत खोडला होता. ही पाच शेतं बाजूला काढली तर उरलेल्या २९ ची सरासरी अंदाजात १७.७ आणि प्रत्यक्षात १७.६ येते. बऱ्याच शेतांतल्या वर-खाली चुका एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून गावाचा अंदाज जमतो आणि एका माणसाच्या शेताचा जमत नाही.

दुसरी चूक घरची. आप्पांनी यंदा हट्टाने युरियाचा एक हप्ता जास्त दिला होता. सगळ्या शिवारात आमच्या तुकड्याचा एनडीव्हीआय सगळ्यांत जास्त, ०.८६. अंदाज २० क्विंटल, त्यांचा स्वतःचा २२. ऑक्टोबरच्या पावसात ते सगळं आडवं झालं आणि १२ वर आलं. उपग्रह पानं मोजतो, पानांपासून दाण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा मोजत नाही. तो टप्पा कसा गेला हे लोंबी हातात धरल्यावर कळतं.

प्रकल्प फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. पाच प्रतींची छपाई-बांधणी २,४०० रुपये. पेट्रोल, मजुरी, काटा, बाहेरची हार्डडिस्क सगळं धरून फी सोडून ३१ हजारांच्या आसपास खर्च झाला. त्यात सगळ्यांत मोठा भाग मजुरीचा. तोंडी परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली, तिसऱ्यांदा दहावीच्या पेपर तपासणीत अडकली, शेवटी एप्रिलमध्ये झाली. बाहेरच्या परीक्षकांनी चुकांचं प्रकरण उघडलं आणि पाऊण तास त्यावरच घेतला. नाल्याची पाच शेतं मी प्रकल्पातून वगळावीत असं मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. न वगळल्याने एक फायदा झाला, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

लटकता काटा आता आमच्या पडवीत आढ्याला टांगलेला असतो. व्यापाऱ्याला भात घालताना पोतं पन्नासचं, असं आमच्या घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं. यंदा माल भरायच्या आधी आप्पांनी मला हाक मारली. पहिलं पोतं अडकवलं. ५८.४. ते आकड्याकडे बघत राहिले, मग सुतळी सोडली आणि म्हणाले, "ह्यातलं काढ आठ किलो. आणि पुढचं लाव."

दुपारपर्यंत आम्ही सव्वीस पोती तोलली.